भंगारातला ट्रान्सफॉर्मर: ओळखायचा कसा, तपासायचा कसा

देहू-आळंदी रस्त्याने चिखलीकडे निघाले की कुदळवाडीचा पट्टा लागतो. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने इथली हजारो पत्राशेड आणि गोदामे पाडली. त्याआधी कित्येक वर्षे भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतून निघालेले भंगार इथे उतरायचे, निवडले जायचे, फोडले जायचे. पाडकामानंतर धंदा पांगला, पण भंगार निघायचे थांबलेले नाही, कारण ते तयार करणारे कारखाने जागेवरच आहेत. आळंदी या सगळ्याच्या मधोमध पडते. एका अंगाला मोशी-भोसरी, वर चाकण, पलीकडे मरकळ.

या भंगारात ट्रान्सफॉर्मर हमखास सापडतो. कुठे जुन्या प्रेसच्या पॅनेलमधला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, कुठे मोडीत निघालेल्या यूपीएसचा, स्टॅबिलायझरचा, वेल्डिंग मशीनचा, बॅटरी चार्जरचा. आळंदीत त्यात कीर्तन-सप्ताहांच्या आणि दिंड्यांच्या लाउडस्पीकरांतून, अॅम्प्लिफायरांतून निघालेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरांची भर पडते. गोदामात या सगळ्यांचा भाव वजनावर होतो: तांबे किती, ॲल्युमिनियम किती, स्टॅम्पिंग किती. तिथल्या हिशेबाने ते रास्तच आहे. पण ट्रान्सफॉर्मरमध्ये फिरणारा, घासणारा एकही भाग नसतो. जास्त तापला नाही आणि भिजला नाही, तर तो सहज चाळीस-पन्नास वर्षे टिकतो. मशीन मोडीत निघाले तरी त्यातला ट्रान्सफॉर्मर बहुतेकदा धडधाकट असतो. म्हणूनच त्याला दुसरे गिऱ्हाईक आहे. चार्जर बनवणारे, अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे, रिवाइंडिंगवाले, प्रोजेक्टसाठी सामान शोधणारे अभियांत्रिकीचे आणि आयटीआयचे विद्यार्थी तो घ्यायला येतात. पुण्यात हीच माणसे बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात आणि एरवी तपकीर गल्लीत भेटतात.

असा ट्रान्सफॉर्मर तपासण्याच्या आपल्याकडे तीन रीती आहेत. वायंडर कोअरचे माप घेतो, तारेचा गेज पाहतो आणि वेढ्यांचा हिशेब सांगतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत मुरलेला मेकॅनिक सिरीज बल्ब लावतो. कारखान्यातला मेन्टेनन्सचा इलेक्ट्रिशियन मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावतो. तिघांच्याही हातात अर्धे-पाऊण ज्ञान आहे, पण ही तीन माणसे एका टेबलाशी क्वचितच येतात. बाजारात प्रत्यक्षात काय चालते? दोन वायरी लाइटला जोडल्या, दुसऱ्या बाजूला मीटर लावला, 24 व्होल्ट दिसले, व्यवहार झाला. माझा आक्षेप नेमका याच सवयीला आहे. मीटरवर व्होल्टेज बरोबर दिसले म्हणून ट्रान्सफॉर्मर सुरक्षित ठरत नाही. ज्या गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून असतो ती व्होल्टमीटरवर दिसतच नाही.

मायकेल फॅरेडे यांनी 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून जो प्रयोग केला, त्यात या यंत्राचे सगळे मर्म आहे. दोन वेटोळ्यांमध्ये धातूचा कसलाही सांधा नव्हता. एकातला बदल दुसऱ्यात पोचला तो फक्त लोखंडातल्या चुंबकत्वातून. पुढे 1885 मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तीन अभियंत्यांनी बंद कोअरचा, व्यवहारात वापरता येईल असा ट्रान्सफॉर्मर उभा केला, तेव्हाही हे वेगळेपण कायम राहिले. आज आपण 24 व्होल्टच्या वायरीला निर्धास्त हात लावतो, तो या वेगळेपणाच्या भरवशावर. प्रायमरी (लाइनकडचे वेटोळे) आणि सेकंडरी (लोडकडचे वेटोळे) यांच्यामधला कागद, पॉलिस्टरची पट्टी आणि व्हार्निश एवढाच तो भरवसा. पावसात भिजलेल्या, ट्रकमधून आपटत आलेल्या, कधीतरी भाजलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पहिला घात याच थराचा होतो. थर फाटला तरी ट्रान्सफॉर्मर चालतो, व्होल्टेजही बरोबर देतो. फक्त सेकंडरी आता लाइनला जोडलेली असते.

तपासणीची सुरुवात डोळ्यांनी करावी आणि त्यात घाई करू नये. आधी हा ट्रान्सफॉर्मर आहे की आणखी काही, हे ठरवायचे. ट्यूबलाइटचा तांब्याचा चोक आणि रस्त्यावरच्या सोडियम दिव्याचा बॅलास्ट दिसायला ट्रान्सफॉर्मरसारखेच असतात. त्यांना एकच वेटोळे असते आणि ते थेट लाइनवर एकटे लावायचे नसतात. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला छोटा, पिवळी पट्टी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर फेराइटचा असतो. त्याचा काळा गाभा कौलासारखा तुटतो. तो हजारो हर्ट्झसाठी बनवलेला, 50 हर्ट्झच्या लाइनवर लावला की क्षणात फ्यूज उडतो. भोंग्याच्या लाउडस्पीकरला जोडलेला असतो तो लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. त्याच्यावर 100 व्होल्ट असे लिहिलेले दिसते आणि माणूस फसतो. ते 100 व्होल्ट आवाजाच्या लाइनचे, घरगुती विजेशी त्याचा संबंध नाही.

काही वस्तू टेबलावर घ्यायच्याच नाहीत, आणि इथे मी कसलीही सूट द्यायला तयार नाही. पहिली, मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर. तो भंगारात मुबलक मिळतो, जड असतो, तांब्याच्या मोहाने किंवा स्पॉट वेल्डर करायचा म्हणून मुले उचलतात. त्याच्या सेकंडरीला सुमारे 2000 व्होल्ट असतात, तेही माणूस जागच्या जागी मरेल एवढ्या करंटच्या ताकदीने, आणि सेकंडरीचे एक टोक थेट कोअरलाच जोडलेले असते. लाकडावर विजेने नक्षी जाळण्याच्या छंदात हाच ट्रान्सफॉर्मर वापरून परदेशात अनेक जण गेले. अमेरिकेतल्या लाकूड-कातारींच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर 2017 मध्ये बंदी घातली. समाजमाध्यमांवर ते व्हिडिओ आजही फिरतात. दुसरी, निऑन पाट्यांचे आणि बर्नर पेटवणारे इग्निशन ट्रान्सफॉर्मर, ज्यांचे व्होल्टेज हजारांत असते. तिसरी, तेलाने भरलेली टाकी, म्हणजे डीपी, जिला महावितरणच्या कागदांत रोहित्र म्हणतात.

डीपीबद्दल एक गैरसमज घातक आहे. एचटीची (उच्च दाबाची) बाजू कुठेच जोडलेली नाही, आपण एलटीच्या (कमी दाबाच्या) बाजूने बघू, असे कुणी म्हणते. वितरणाचा ट्रान्सफॉर्मर 11,000 ते 433 व्होल्ट असा असतो, एचटीला डेल्टा, एलटीला स्टार. एलटीचे एक फेज-न्यूट्रल वेटोळे 250 व्होल्टचे धरले तर गुणोत्तर 44 येते. म्हणजे एलटीला नुसते 12 व्होल्ट एसी दिले तरी एचटीच्या बुशिंगवर पाचशेच्या वर व्होल्ट उभे राहतात. घरची लाइट जोडली तर दहा हजारांच्या घरात. त्या टाकीची तपासणी महावितरणच्या किंवा परवानाधारक दुरुस्ती कार्यशाळेतच व्हायला हवी.

करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, हा वेगळ्या जातीचा. पॅनेल मोडले की हे कडीसारखे ट्रान्सफॉर्मर ढिगाने निघतात, वर 100/5 किंवा 200/5 असे लिहिलेले असते. भंगारात तो निरुपद्रवी पडलेला असतो. पण चालू बसबारवर असताना त्याची सेकंडरी मोकळी सोडली तर टोकांवर जीवघेणे व्होल्टेज चढते. तो पॉवर सप्लायसाठी कधीच उपयोगी नसतो, म्हणून बाजूला काढून ठेवावा.

एवढी छाननी झाल्यावर नेमप्लेट. चाकण पट्ट्यात नेमप्लेट नीट वाचणे विशेष गरजेचे आहे, कारण इथल्या कारखान्यांत जर्मन, जपानी, कोरियन, अमेरिकी अशी सगळीकडची यंत्रे येतात आणि त्यांचे पॅनेल त्या त्या देशाच्या विजेनुसार असतात. भोसरीच्या जुन्या भारतीय पॅनेलमध्ये प्रायमरीला 0-380-400-415-440 असे टॅप आणि सेकंडरीला 110 व्होल्ट, ही नेहमीची जोडी. जपानी यंत्रावर 200 व्होल्ट दिसतात, अमेरिकी यंत्रावर 480 आणि 120, तेही 60 हर्ट्झचे. व्होल्टेज सगळे वाचतात, हर्ट्झ कुणी वाचत नाही. कोअरमधले चुंबकत्व व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात वाढते. फक्त 60 हर्ट्झवर 220 व्होल्टसाठी बनवलेला कोरियन ट्रान्सफॉर्मर आपल्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवर लावला तर गाभ्यावर सुमारे 25 टक्के जादा ताण येतो. तो गुणगुणतो, तापतो, आणि काही महिन्यांत व्हार्निश भाजून शॉर्ट होतो. दोष मात्र ‘भंगारातला माल’ म्हणून ट्रान्सफॉर्मरला लागतो. 50/60 असे लिहिले असेल तर हा प्रश्न उरत नाही. उलट 415 व्होल्टच्या प्रायमरीला 230 देणे गाभ्याला सोपे जाते. सेकंडरीला 110 ऐवजी सुमारे 61 व्होल्ट मिळतात आणि व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर ही क्षमता, त्याच प्रमाणात उतरते.

नेमप्लेट नसेल, आणि निम्म्या वेळी नसतेच, तर वायरींच्या रंगावर विसंबू नये. लाल-लाल म्हणजे प्रायमरी, असा काही सार्वत्रिक नियम नाही. मल्टिमीटर ओहमवर लावून कोणती वायर कोणाशी जुळते याची कागदावर नोंद करावी. लाइनच्या व्होल्टेजची बारीक तारेची प्रायमरी जास्त ओहम दाखवते, जाड तारेची सेकंडरी अगदी कमी. दहा व्हीएच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी शेकडो ओहमची असू शकते, पाचशे व्हीएची एक-दोन ओहमची. एखादी वायर कशाशीच जुळत नसेल तर ती तुटलेलीच आहे असे समजू नये. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये घातलेल्या तांब्याच्या पत्र्याची, म्हणजे शील्डची, ती असू शकते आणि ती अर्थिंगला जोडायची असते. प्रायमरी पूर्ण ओपन दाखवत असेल तर बॉबिनवरच्या पट्टीखाली थर्मल फ्यूज असण्याचा संभव मोठा. तो काढून सरळ वायर जोडण्याचा उद्योग दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास चालतो. तो फ्यूज उडाला याचा अर्थ हा ट्रान्सफॉर्मर कधीतरी ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापला होता. तेव्हा आतले इन्सुलेशन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि फ्यूज बदलायचा तर त्याच तापमानाचा घालावा.

ओहमची ही पायरी एक गोष्ट सांगू शकत नाही. दोनशे वेढ्यांतले चार वेढे आपसात शॉर्ट झाले असतील तर ओहममध्ये पडणारा फरक मीटरच्या वायरींच्या प्रतिकारातच हरवतो. त्याची चाचणी वेगळी आहे, ती पुढे येते. आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर ओहम मोजताना बोटे धातूच्या टोकांना लावू नयेत. मीटर काढताक्षणी वेटोळ्यातली ऊर्जा झटका देते.

आता मेगर. माझ्या मते लाइनला जोडण्याआधीची ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि छोट्या दुकानांत ती सर्वांत कमी वेळा केली जाते. मल्टिमीटर ओहम मोजताना जेमतेम काही व्होल्ट वापरतो. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामधला थर ओला किंवा भाजलेला असला तरी तो ‘ओपन’ दाखवू शकतो. मेगर 500 व्होल्ट डीसी लावून तोच थर ताणून बघतो. प्रायमरीच्या सगळ्या वायरी एकत्र, सेकंडरीच्या एकत्र, कोअर तिसरा. मग प्रायमरी-सेकंडरी, प्रायमरी-कोअर, सेकंडरी-कोअर अशा तीन जोड्या तपासायच्या. त्याआधी बोर्ड, डायोड, कपॅसिटर, सर्ज रोखणारे भाग सोडवून ठेवायचे. कोरड्या, निरोगी ट्रान्सफॉर्मरमध्ये शेकडो मेगाओम दिसतात. एक मेगाओमच्या खाली आकडा आला तर लाइन जोडायचीच नाही. अधलामधला आकडा आला तर बहुधा ओल असते, विशेषतः जून ते सप्टेंबर उघड्यावर पडलेल्या मालात. खोक्यात फिलॅमेंटचा बल्ब लावून दिवसभर ऊब दिली आणि पुन्हा मोजले की आकडा चढतो का हे कळते. चढला तर ओल होती. जागेवरच राहिला तर थर गेला आहे, आणि त्या ट्रान्सफॉर्मरची जागा रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा तांब्याच्या ढिगात. चाचणी संपल्यावर वायरी एकमेकींना टेकवून चार्ज उतरवायला विसरू नये.

कारखान्यात नवीन ट्रान्सफॉर्मरवर काही हजार व्होल्टची जी चाचणी होते ती मेगरच्या चाचणीहून फार कडक असते. म्हणून मेगरमध्ये पास झालेला जुना ट्रान्सफॉर्मर नव्याइतका भरवशाचा समजू नये. मी तो बॅटरी चार्जरला वापरेन. लहान मुलांच्या खेळण्याला किंवा ओल्या जागेतल्या दिव्याला वापरणार नाही.

यानंतर कमी व्होल्टेजवर गुणोत्तर काढायचे. ओळखीच्या, चांगल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून 12 व्होल्ट एसी घ्यायचे आणि अनोळखी ट्रान्सफॉर्मरच्या सर्वांत जास्त ओहमच्या वेटोळ्याला द्यायचे. असे केले की बाकीच्या वेटोळ्यांवर व्होल्टेज सहसा कमीच येते. उलटे केले, जाड तारेला 12 व्होल्ट दिले, की दुसरीकडे शंभर-दोनशे उभे राहू शकतात. समजा 12 व्होल्टला दुसरीकडे 1.25 मिळाले. गुणोत्तर 9.6, म्हणजे 230 व्होल्टवर 24. हे लोड नसतानाचे आहे. छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पूर्ण लोडवर ते बरेच उतरते. जुन्या वाल्व्ह रेडिओचा ट्रान्सफॉर्मर असेल तर इथेच कळते, कारण त्यात 250-0-250, 6.3 आणि 5 व्होल्टची वेटोळी असतात आणि त्यांचे प्रमाण लपत नाही. त्यातले उच्च व्होल्टेजचे वेटोळे प्रायमरीपेक्षाही जास्त ओहमचे असते, म्हणून ‘जास्त ओहम म्हणजे प्रायमरी’ हा निष्कर्ष गुणोत्तर पाहिल्याशिवाय पक्का करू नये. दोन सारखी वेटोळी सिरीजमध्ये जोडून बेरीज येते की शून्य, यावरून त्यांची दिशाही याच टप्प्यावर ठरवावी.

वायंडरचे ज्ञान इथे उपयोगी पडते. 50 हर्ट्झवर साध्या स्टॅम्पिंगसाठी दर व्होल्टला लागणारे वेढे म्हणजे सुमारे 45 भागिले कोअरचे चौरस सेंटिमीटर. मधली जीभ अडीच सेंटिमीटर रुंद आणि थप्पी तीन सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ 7.5, म्हणजे व्होल्टला सहा वेढे. त्याच क्षेत्रफळाचा वर्ग करून पाऊणपट केला की व्हीएचा अंदाज मिळतो, इथे साधारण 42. बॉबिन आणि कोअर यांच्या फटीतून दहा वेढे वायर ओवून कमी व्होल्टेजवर किती येते ते मोजले तर प्रत्येक वेटोळ्याचे वेढे न सोडता मोजता येतात. तारेचा व्यास एक मिलिमीटर असेल तर ती साधारण दोन अँपियर आरामात वाहते. या हिशेबाने 42 व्हीए निघाला आणि विकणारा ‘पाच अँपियर, 24 व्होल्ट’ म्हणत असेल, तर तो 120 व्हीए सांगतो आहे हे लक्षात यावे.

इतके सगळे जमले तरच लाइन. आणि तीही सिरीज बल्बमधून. फेज, एमसीबी, स्विच, मग 60 किंवा 100 वॅटचा फिलॅमेंट बल्ब, मग प्रायमरी. सेकंडरीला काही जोडलेले नसताना बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा मंद लाल राहिला तर ठीक. पूर्ण उजेड दिला तर आत वेढे शॉर्ट आहेत, किंवा वेटोळे चुकीचे निवडले आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, आणि फिलॅमेंटचे बल्ब दुकानांतून दिसेनासे होत चालले आहेत. मिळतील तेव्हा दोन-चार घेऊन ठेवावेत. काही जण बल्बऐवजी डिमरस्टॅट पसंत करतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी व्होल्टेज हळूहळू चढवत करंट पाहणे खरोखर चांगले, पण डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, तो लाइनपासून वेगळा करत नाही. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असेल तर शून्यावर ठेवलेल्या डिमरस्टॅटची दोन्ही टोके लाइव्ह असतात. बल्बचेही तसेच. बल्ब करंट आवरतो, पण शॉक थांबवत नाही.

आरसीसीबीवरचा आंधळा विश्वास त्याहून जास्त धोक्याचा वाटतो. 30 मिलिअँपियरची आरसीसीबी टेबलाच्या लाइनवर हवीच. प्रायमरीला हात लागला आणि करंट जमिनीकडे गेला तर ती ट्रिप होते. पण धडधाकट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन टोकांमध्ये माणूस सापडला तर आरसीसीबीला ते दिसतच नाही. येणारा आणि जाणारा करंट तिच्या बाजूने सारखाच असतो. म्हणून 110 किंवा 250 व्होल्टच्या सेकंडरीशी खेळताना ‘आरसीसीबी आहे’ हा धीर पोकळ आहे. मगरचिमटे स्विच बंद असतानाच लावायचे, मग चालू करायचे, मीटर वाचायचा, बंद करायचे, आणि मगच वायर हलवायची. कोअर अर्थ केलेला असावा, टेबल लाकडी, पायाखाली रबरी मॅट, आणि खोलीत दुसरे कुणीतरी, ज्याला मेन स्विच कुठे आहे हे माहीत आहे.

टोरॉइडल, म्हणजे गोल कड्याचे ट्रान्सफॉर्मर, चालू करताक्षणी इतका करंट ओढतात की एमसीबी पडते. ती बिघाडाची खूण असेलच असे नाही. सिरीज बल्बमधून शांतपणे चालला तर तो चांगला आहे. त्याचा मधला बोल्ट मात्र वर आणि खाली दोन्हीकडे लोखंडी पेटीला टेकू देऊ नये, नाहीतर पेटीच एक शॉर्ट वेढा होते.

शेवटी लोड. तास-दोन तास ठरलेला लोड लावून ताप पाहावा. हात लावून अंदाज घेणे पुरेसे नाही, कारण बाहेरचे स्टॅम्पिंग कोमट असताना आतले वेटोळे बरेच गरम असते. लोडआधी थंड असताना प्रायमरीचे ओहम मोजावेत, लोडनंतर लाइन काढून लगेच पुन्हा मोजावेत. तांब्याचा प्रतिकार अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. दहा ओहमचे बारा झाले तर वेटोळे 50 अंशांहून थोडे जास्त तापले. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवाच 40 अंश असते, म्हणजे वेटोळे नव्वदीच्या पुढे गेले. ए क्लासच्या इन्सुलेशनला 105 अंश ही मर्यादा, बी क्लासला 130, एफ क्लासला 155. क्लास माहीत नसेल तर ए धरावा.

तेलाचा विषय वेगळा आणि गंभीर आहे. विसाव्या शतकात अनेक देशांत आग लागू नये म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल हे द्रव वापरले जायचे; अॅस्करेल या नावाने ते ओळखले जाते. 1968 मध्ये जपानात भाताच्या कोंड्याच्या खाद्यतेलात ते मिसळले आणि हजारोंना विषबाधा झाली, ती युशो म्हणून नोंदली गेली. भारताने स्टॉकहोम करार 2006 मध्ये मान्य केला, आणि 2016 च्या केंद्रीय आदेशाने या द्रवाच्या वापराला 31 डिसेंबर 2025 ही अखेरची मुदत घातली. साधे खनिज तेल पाण्यावर तरंगते, अॅस्करेल पाण्याखाली बसते. पण ही ओळख पुरेशी नाही, कारण साध्या तेलात थोडे मिसळलेले असेल तर तेही तरंगतेच. म्हणून जुन्या, विशेषतः आयात केलेल्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला किंवा फुगलेल्या कपॅसिटरला प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय हात लावू नये. ते तेल जमिनीवर ओतू नये, इंद्रायणीला मिळणाऱ्या ओढ्यात सोडू नये, गुडघ्याला चोळायला किंवा बिजागरीला घालायला घरी नेऊ नये. वापरलेले तेल 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येते आणि नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. पीव्हीसीच्या वायरी जाळून तांबे काढण्याचा धूरही याच जातीची विषे तयार करतो, आणि तो सर्वांत आधी जाळणाऱ्याच्या छातीत जातो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. शेतातली डीपी फोडून तेल आणि तांबे चोरण्याचे प्रकार महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालू आहेत, आणि त्यात आठवडेच्या आठवडे पंप बंद राहून ऊस किंवा कांदा वाळतो तो शेतकऱ्याचा. विद्युत कायदा 2003 चे कलम 136 या चोरीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगते आणि कलम 137 चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही पकडते. डीपीचे वेटोळे किंवा वीज कंपनीची खूण असलेला भाग पावतीशिवाय कुणी देऊ केला तर घेऊ नये. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची नोंदणी आणि उत्पादकांची जबाबदारी आहे, दुरुस्ती करून पुन्हा वापरण्याचीही तरतूद आहे. पण एखादा ट्रान्सफॉर्मर वजनाच्या ढिगात जायचा की वापरात, हे ठरवणारा माणूस गोदामात उभा असतो. त्याला हे कसे ठरवायचे ते कुणी शिकवलेले नाही, आणि चांगला ट्रान्सफॉर्मर वेगळा काढला तर चार पैसे जास्त मिळतील असेही कुणी दाखवून दिलेले नाही.

इथे आयटीआयने आणि आळंदी-चाकण भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पुढे यायला हवे. मेगर, मल्टिमीटर, सिरीज बोर्ड आणि 12 व्होल्टचा एक ट्रान्सफॉर्मर, एवढ्या सामानात तपासणीचे टेबल उभे राहते, आणि वायंडर, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन या तिघांना एकदा तिथे बसवले तर एका सत्रात विद्यार्थ्यांना जे मिळेल ते कोणत्याही एका पुस्तकात एकत्र नाही. या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर चिठ्ठी चिकटवलेली असावी: कोणत्या वायरी प्रायमरीच्या, किती व्होल्ट आणि किती हर्ट्झ, गुणोत्तर, व्हीएचा अंदाज, मेगरचे तिन्ही आकडे आणि तपासल्याची तारीख. पुढचा घेणारा पावसाळ्यानंतर आला, तर त्याने मेगर पुन्हा लावावा आणि नवा आकडा जुन्याखाली लिहावा.